गणितयोगी रामानुजन आणि त्यांची पाटी

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. अंकगणिताच्या प्रांतात तर तिचा प्रत्यय पावलोपावली येतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे झकारिआस डाझे शंभर आकडी संख्यांचा गुणाकार कागदाला हात न लावता करीत. १९८० साली शकुंतलादेवींनी लंडनमध्ये दोन तेरा आकडी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. अशा विलक्षण गणकांच्या मालिकेत सर्वसामान्य माणूस श्रीनिवास रामानुजन यांचेही नाव सहजपणे गोवून टाकतो. १७२९ या संख्येची गोष्ट सांगावी, देवी स्वप्नात येऊन सूत्रे देत असे म्हणावे, हात जोडावेत आणि पुढे जावे, अशी आपली रीत पडून गेली आहे.

ज्या नगरीत आमच्या मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली, त्याच नगरीत रामानुजन कारकुनी करीत होते आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे जीवन थोडे सविस्तर सांगावे, आणि चमत्काराच्या वलयाआड लपलेल्या दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आम्हाला वाटले. पहिली गोष्ट त्यांच्या अपार कष्टांची आणि दुसरी, त्यांना वेळीच ओळखणाऱ्या साध्या माणसांची.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील कुप्पुस्वामी श्रीनिवास अय्यंगार हे कुंभकोणम येथील कापडाच्या एका दुकानात कारकून होते. आई कोमलतम्माळ या करारी आणि धर्मपरायण गृहिणी. देवळात भजने म्हणून त्या संसाराला थोडासा हातभार लावीत. सारंगपाणीच्या देवळासमोरच्या रस्त्यावरील लहानशा घरात हे कुटुंब राहत असे. ज्या तंजावर प्रांतावर व्यंकोजीराजांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत राज्य केले, त्याच प्रांतातले हे कुंभकोणम. तेव्हा ही भूमी महाराष्ट्रीयांना अगदीच परकी नव्हे.

दोन वर्षांचे असताना देवीच्या रोगातून हे मूल कसेबसे वाचले. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत ते तंजावर जिल्ह्यात पहिले आले आणि पुढच्या वर्षी कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात दाखल झाले. कोणत्याही संख्येस तिनेच भागले असता एक येतो, असे गुरुजी शिकवीत असता, शून्याला शून्याने भागल्यासही एकच येईल काय, असे या मुलाने विचारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर किंवा दोनाचे वर्गमूळ दशांश चिन्हापुढे पुष्कळ अंकांपर्यंत म्हणून दाखवून ते सवंगड्यांची करमणूक करीत. शाळेचे वेळापत्रक बसविण्याचे किचकट काम गणिताचे वरिष्ठ शिक्षक त्यांच्यावर सोपवीत. म्हणजे लोकांना मोह पडतो ती तोंडी हिशेबाची आणि स्मरणाची देणगी त्यांच्याजवळ होती, यात शंका नाही. पण ती त्यांच्या प्रतिभेची केवळ देवडी होती. गाभारा अद्याप पुढे होता.

१९०३ साली त्यांच्या हाती कार नामक इंग्रज शिकवणीमास्तरांचा एक जाडजूड ग्रंथ पडला. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी उजळणी करता यावी म्हणून त्यात गणितातील सुमारे पाच हजार सिद्धान्त एकापाठोपाठ एक मांडलेले होते. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. दुसऱ्या एखाद्या मुलाने असे पुस्तक मिटून ठेवले असते. रामानुजन यांनी मात्र प्रत्येक सिद्धान्त स्वतः ताडून पाहण्याचा उद्योग आरंभिला आणि त्या ओघात पुस्तकात नसलेल्या वाटांवर ते जाऊन पोहोचले. आपले निष्कर्ष ते वहीत उतरवू लागले. पुढे जगद्विख्यात झालेल्या वह्या त्या याच.

१९०४ साली गणिताचे पारितोषिक घेऊन ते शाळेतून बाहेर पडले आणि शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. तेथूनच दुर्दैवाचे दशावतार सुरू झाले. गणितावाचून दुसऱ्या कशातही चित्त रमेना. इतर विषयांत ते अनुत्तीर्ण झाले, शिष्यवृत्ती गेली आणि लज्जेने १९०५ च्या ऑगस्टमध्ये हा मुलगा घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. १९०६ साली मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रयत्न झाला. तेथील प्राध्यापक सिंगारवेलू मुदलियार यांना या विद्यार्थ्याचे मोल कळले होते. परंतु परीक्षेला ते कळण्याचे कारण नव्हते. शरीरशास्त्राच्या पर्चात नापास, पुढच्या वर्षीही नापास. विसाव्या वर्षी रामानुजन यांच्यापाशी पदवी नव्हती, नोकरी नव्हती. होत्या त्या फक्त वह्या.

१४ जुलै १९०९ रोजी, त्या काळच्या रिवाजानुसार, दहा वर्षांच्या जानकीशी त्यांचा विवाह झाला. संसाराची जबाबदारी आली आणि वह्या काखोटीस मारून ते मद्रासेत मित्रांच्या खोल्यांतून राहू लागले. शिकवण्या कराव्यात, कधी अर्धपोटी राहावे, अशी अवस्था होती. प्रकृती ढासळली, तेव्हा आपले काही बरेवाईट झाल्यास वह्या कोणत्या प्राध्यापकांच्या स्वाधीन कराव्यात, हे त्यांनी एका मित्राला सांगून ठेवले होते. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाची ही निरवानिरव होती, आणि तीत इस्टेट म्हणून दुसरे काहीच नव्हते.

कथेचा दुसरा भाग येथे सुरू होतो. केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांनी रामानुजन यांना शोधून काढले, असे आपण ऐकत आलो आहो. हार्डी यांचे ऋण थोर आहे. पण हार्डींच्या मेजावर पत्र पडण्यापूर्वी तीन वर्षे या प्रदेशातील माणसांनी त्या तरुणाला हाताला धरून पायरी पायरीने वर आणले होते.

१९१० साली रामानुजन तिरुक्कोयिलूर येथे उपजिल्हाधिकारी व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनाची जागा मागण्यास गेले. रामस्वामी अय्यर हे १९०७ साली स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे संस्थापक. आम्हा महाराष्ट्रीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि रँग्लर परांजपे यांच्यासारख्यांचा तिला आधार होता. रामस्वामींनी वही चाळली आणि अशा माणसाला महसुली दप्तरात कोंडणे योग्य नव्हे, असे ओळखून मद्रासेतील गणितज्ञ मित्रांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या. त्या चिठ्ठ्यांच्या आधाराने रामानुजन प्राध्यापक शेषू अय्यर यांच्याकडे आणि अखेर नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांच्याकडे पोहोचले. रामचंद्र राव प्रथम साशंक होते. पण वहीतील मजकूर समजावून घेता घेता त्यांची शंका फिटली. काय हवे, या प्रश्नाला रामानुजन यांचे उत्तर इतकेच होते, की अन्नाची विवंचना न राहता गणित करण्यास सवड मिळावी. रामचंद्र रावांनी दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून देण्यास आरंभ केला.

१९११ साली परिषदेच्या मासिकात रामानुजन यांनी वाचकांना एक कोडे घातले. वर्गमुळात वर्गमूळ, त्यात पुन्हा वर्गमूळ, अशी अनंत उतरंड त्यात होती. तीन अंक निघाले, सहा महिने लोटले, पण कोणाचेच उत्तर आले नाही. शेवटी त्यांनीच ते प्रसिद्ध केले : उत्तर होते ३. त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध छापला गेला.

दुसऱ्याच्या पैशावर फार काळ जगणे त्यांना रुचेना. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणितज्ञ आणि परिषदेचे कोषाध्यक्ष होते, हा योगायोग भाग्याचा म्हटला पाहिजे. रामानुजन तेव्हा जॉर्ज टाउनमधील शैव मुथय्या मुदली रस्त्यावर राहत. आज सौकारपेठेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात असलेल्या आमच्या विटा-खानापूरकडील बांधवांना त्या गल्ल्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. कचेरीतून परतल्यावर नारायण अय्यर आणि रामानुजन रात्री उशिरापर्यंत पाट्या घेऊन बसत. कागद महाग पडे, म्हणून सारी आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने ती पुसायची, पुन्हा लिहायची आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा वहीत नोंदवायचा. पुढे विद्वानांना प्रश्न पडला, की या माणसाने सिद्धता न देता सूत्रे आणली कोठून? त्या प्रश्नाचा उलगडा बऱ्याच अंशी त्या पाटीत आहे. फलित वहीत राहिले आणि घाम कोपराबरोबर पुसला गेला. आपल्या सूत्रांचे श्रेय ते नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. परंतु देवीचा प्रसाद ज्या हाताने घ्यायचा, तो हात पाटीवर झिजलेला होता, हेही विसरता कामा नये.

नारायण अय्यर यांच्यामुळे पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचे लक्ष या कारकुनाकडे वेधले गेले. इंग्लंडमधील गणितज्ञांना पत्रे गेली. दोघा नामांकितांकडून काहीच निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले गेले. सोबत सूत्रांनी भरलेली पाने होती. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी एका संध्याकाळी ती पाने तपासली आणि हा लेखक असामान्य प्रतीचा गणिती आहे, या निर्णयावर ते आले. इकडे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीही मद्रास विद्यापीठाकडे शिफारस केली. पदवी नसलेल्या माणसाला संशोधनाची शिष्यवृत्ती कशी द्यावी, हा पेच विद्यापीठापुढे होता. पण ज्ञानवृद्धी हाच विद्यापीठाचा हेतू असल्याचे मानून नियम बाजूला ठेवले गेले आणि मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. परदेशी राज्याच्या अमदानीत, नियमांवर बोट ठेवणाऱ्या काळात, हे घडले याचे मोल फार आहे.

समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या घरातून परवानगी मिळणे कठीण होते. अखेर मातेने संमती दिली. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोटीने रामानुजन निघाले आणि पुढच्या महिन्यात लंडनला पोहोचले. काही महिन्यांतच महायुद्ध पेटले.

केंब्रिजमधील पाच वर्षांत त्यांच्या प्रतिभेचे खरे स्वरूप प्रकट झाले. प्रशांतचंद्र महालनोबीस हे तेव्हा तेथे विद्यार्थी होते. एकदा रामानुजन खोलीत भाजी ढवळीत असता महालनोबीसांनी मासिकातले एक कोडे वाचून दाखविले. एका रस्त्यावर ओळीने घरे आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. घरे पन्नास ते पाचशेच्या दरम्यान आहेत. तर ते घर कोणते? महालनोबीसांनी थोडी खटपट करून उत्तर काढले होते : २८८ घरांपैकी २०४ वे. रामानुजन यांनी पळीही खाली न ठेवता एक अपूर्णांकांची साखळी सांगितली. तिच्यातून हे एकच उत्तर नव्हे, तर आठ घरांतील सहावे, एकोणपन्नास घरांतील पस्तिसावे, अशी सगळीच्या सगळी उत्तरे क्रमाने निघत होती. हिशेबनीस आणि गणिती यांच्यातील अंतर याहून स्पष्ट कसे दाखवावे? हिशेबनीस विचारलेल्याचे उत्तर देतो. गणिती त्या जातीचे सर्वच प्रश्न सोडवून मोकळा होतो.

तीच गोष्ट १७२९ ची. पटनी येथील रुग्णालयात हार्डी भेटीला आले आणि आपल्या टॅक्सीचा हा क्रमांक त्यांना नीरस वाटला. रामानुजन यांनी सांगितले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे : एकाचा घन अधिक बाराचा घन, तसेच नवाचा घन अधिक दहाचा घन. हे क्षणात केलेले गणित म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ही संख्या त्यांच्या वह्यांतून पूर्वीच भेटलेली होती. जुना परिचित रस्त्यात दिसावा आणि आपण त्याला नावाने हाक मारावी, तसे ते होते. निव्वळ तोंडी आकडेमोडीत मेजर मॅकमहॉन त्यांच्यापेक्षा सरस ठरत, असे सांगतात. याच मॅकमहॉन यांनी २०० ही संख्या लहान संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येईल ते कष्टाने मोजले होते. चार ही संख्या पाच प्रकारे मांडता येते. दोनशेसाठी मात्र ती गणती ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतकी, म्हणजे जवळजवळ चार लाख कोटी भरते. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राची केवळ आठ पदे घेतली असता हेच उत्तर मिळाले. वेग हरला असेल, दृष्टी जिंकली.

मानसन्मानही लाभले. १९१६ साली संशोधनावर पदवी मिळाली. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. मुंबईचे नौकाबांधणीतज्ज्ञ अर्देशीर करसेटजी यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते दुसरे भारतीय. त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होणारे ते पहिले भारतीय ठरले. पण देह साथ देईना. कडक शाकाहार, युद्धकाळातील टंचाई, असह्य थंडी, एकाकीपणा. त्यातच घरी सासू-सुनेत बेबनाव होऊन पत्नीची पत्रे पोहोचेनाशी झाली. १९१७ पासून एका आरोग्यधामातून दुसऱ्यात त्यांची रवानगी होऊ लागली. निराशेच्या भरात १९१८ मध्ये त्यांनी लंडनच्या आगगाडीपुढे उडी घेतली आणि केवळ दैवाने ते वाचले. ज्याला आपण चमत्कार म्हणतो, तो माणूस होता आणि माणसासारखाच खचत होता.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबईस उतरले आणि एप्रिलमध्ये मद्रासेस आले. परतण्यापूर्वी जानेवारीत त्यांनी विद्यापीठाला एक पत्र लिहिले होते. विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड देऊ केले होते. त्यांपैकी ५० पौंड आईवडिलांना द्यावेत, आपल्या आवश्यक खर्चातून उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी आणि पुस्तकांसाठी वापरावी, अशी त्यांची इच्छा होती. शिष्यवृत्ती गमावून घरातून पळालेल्या मुलाला स्वतःचे दुःख विसरता आले नव्हते. त्याने त्याचे दान करून टाकले.

अखेरच्या वर्षी आजारशय्येवर पडल्या पडल्या ते पाटी मागत. जानकी शेकण्या करी, वेळेवर औषधपाणी देई, आणि लिहिलेले कागद पेटीत ठेवी. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना एका नव्या प्रकारच्या फलांविषयी पत्र लिहिले. २६ एप्रिल १९२० रोजी चेटपट येथे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या काळी क्षयाचे निदान झाले होते; आतड्याच्या जुन्या विकारातून उद्भवलेला यकृताचा रोग असावा, असे मत १९९४ साली मांडले गेले आहे.

त्यांच्या वह्यांची छायाप्रत १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दोन खंडांत प्रसिद्ध केली. १९७६ साली केंब्रिजच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना शेवटच्या वर्षातील शंभरावर पाने सापडली. शेवटच्या पत्रातील त्या फलांचे रहस्य २००२ च्या सुमारास उलगडू लागले. त्यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो.

आणि जानकी अम्माळ? एकविसाव्या वर्षी वैधव्य आले. काही वर्षे त्या मुंबईस भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या आणि मद्रासेला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिलाई यंत्रावर त्यांनी चरितार्थ चालविला. विद्यापीठाचे निवृत्तिवेतन अल्प होते. अशा स्थितीतही १९५० साली त्यांनी एका पोरक्या मुलाला आपला मानून वाढविले. पतीचा पुतळा उभारण्याचे आश्वासन मिळूनही तो झाला नाही, ही खंत त्यांनी वृद्धापकाळी बोलून दाखविली. तेव्हा परदेशातील गणितज्ञांनी वर्गणी काढून शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांच्याकडून अर्धपुतळा घडवून घेतला. १९९४ साली जानकी अम्माळ निवर्तल्या. नमस्कार करणारे देशभर होते. पुतळ्याची वर्गणी मात्र सातासमुद्रापलीकडून आली.

आमच्यासारख्या मंडळांतून दरवर्षी गुणवंतांचे सत्कार होतात, आणि ते व्हावेतच. परंतु १९०७ साली असा एखादा समारंभ झाला असता, तर त्या यादीत रामानुजन यांचे नाव नसते. ते नापासांच्या यादीत होते. त्यांचे नाव जगाच्या यादीत गेले, कारण एका उपजिल्हाधिकाऱ्याने वही उघडून पाहिली, एका जिल्हाधिकाऱ्याने खिशात हात घातला आणि एका हिशेबनिसाने रात्री जागून शेजारी पाटी धरली. यांपैकी कोणतीही गोष्ट चमत्कार नव्हे; कोणत्याही सज्जनाला ती जमण्यासारखी आहे. प्रतिभा देणे आपल्या हाती नाही. वही उघडून पाहणे मात्र आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत असे हात आणि असे डोळे आमच्यात निपजोत, एवढीच प्रार्थना करून या गणितयोग्याच्या आणि त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.